प्रश्न लेखी द्यावेत

जानेवारी उजाडला की आमच्या घरात दोन वास येतात. एक बाहेरचा. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांतून रस्त्यावर पडलेल्या आणि चाकांखाली चेचलेल्या उसाचा, गोड आणि थोडा आंबूस. दुसरा आतला. लोखंडी कपाटातून बाहेर काढलेल्या माझ्या काळ्या कोटाचा, म्हणजे डांबरगोळ्यांचा. या कोटाला वर्षातून सातच दिवस काम असतं. शिरूरला आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला सात संध्याकाळी चालते, आणि ग्रंथपालानं मंचाच्या आसपास वावरायचं तर अंगात कोट हवा, असा ठराव कुणीही न मांडता पूर्वीच मंजूर झालेला आहे.

दरवर्षी मी तो गच्चीतल्या दोरीवर उन्हात टाकतो आणि खिसे उलटे करून झटकतो. यंदा उजव्या खिशात हात घालायचा धीर होत नव्हता. खिशात काय आहे ते मला माहीत होतं. एक चिठ्ठी, चार बोटांएवढी. तिच्याविषयी लिहायला बसलो आहे, पण त्या सात संध्याकाळींविषयी सांगितल्याशिवाय ती चिठ्ठी कळायची नाही.

आमच्या नाट्यगृहात नाटक क्वचितच होतं. एरवी तिथं सत्कार होतात, शाळांची संमेलनं होतात, निवडणुकीच्या सुमारास परिवर्तनही होतं. व्याख्यानमालेच्या दिवसांत मात्र त्या इमारतीला आपण कोण आहोत याची आठवण येते. खुर्च्यांवरची धूळ पुसली जाते. पहिल्या रांगेत सोफे येतात. साडेसहाची वेळ छापलेली असते, म्हणजे सव्वासातला सुरुवात. समईला पाच वाती आणि मंचावर नऊ मान्यवर, त्यामुळे एक मेणबत्ती हातोहात फिरते आणि उरलेले चौघे आधीच पेटलेल्या वाती पुन्हा पेटवतात. नदीकडून येणारा वारा विंगेतून नेमका तेवढ्यात आत शिरतो. मग ‘पंखा बंद करा, पंखा!’ असा पुकारा होतो. पंखा बंदच असतो.

त्यानंतर शाल. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा यांच्या घरी इतक्या शाली जमल्या आहेत, की एका वक्त्याच्या खांद्यावर पडलेली शाल आदल्याच वर्षी आप्पांना मिळालेली होती, हे मी तिच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून ओळखलं होतं. मग ‘ज्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही’ अशा वक्त्याचा वीस मिनिटं परिचय. मग वक्ता. तो उभा राहतो आणि म्हणतो, शिरूरसारखा रसिक श्रोता मी महाराष्ट्रात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी तो दौंडला जातो आणि तिथल्या लोकांना दौंडविषयी तेच सांगतो. दौंडला माझा भाऊ राहतो, त्यामुळे हे मला लगोलग समजतं.

एकदा यशाचा मंत्र सांगणारे एक गृहस्थ आले होते. पहाटे चारला उठा, म्हणाले, जग तुमचं आहे. समोरच्या निम्म्या सभागृहाला गाईंच्या धारा काढायला चारलाच उठावं लागत होतं. त्यांचं जग कुठं अडकलं होतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी लिहितो आहे खरं. पण त्याच सभागृहात कुणाच्या तरी तोंडून एखादं वाक्य असं यायचं, की घरी परतताना ते सोबत चालत यायचं. पायाखाली उसाची चिपाडं, तोंडातून वाफ, आणि डोक्यात ते वाक्य. तेवढ्यासाठी मी शाली, समया आणि आभार सहन केले. आभार तर व्याख्यानाहून लांब असतात, कारण त्यात मंडपवाल्याचंही नाव घ्यावं लागतं.

व्याख्यान ऐकायची सवय मला दौंडला लागली. वडील रेल्वेत होते. कॉलनीतल्या हॉलमध्ये थंडीत व्याख्यानं व्हायची. सतरंज्या, एक टेबल, तांब्या-भांडं, बस्स. दर थोड्या वेळानं मालगाडी जायची आणि भिंती थरथरायच्या. बाहेरगावचा वक्ता पहिल्यांदा आवाज चढवायचा. मग पुढून कुणीतरी, बऱ्याचदा माझे वडीलच, हात वर करून सांगायचे, “साहेब, दमानं घ्या. मालगाडी हाय. लांबलचक असती.” वक्ता थांबायचा. सगळा हॉल गप्प बसून गाडी जाऊ द्यायचा. ब्रेकचा डबा गेल्याचं आवाजावरूनच सगळ्यांना कळायचं आणि मग माना पुन्हा वक्त्याकडे वळायच्या.

तिथं एकदा ताऱ्यांवर व्याख्यान होतं. वक्ते म्हणाले, आज आपल्याला दिसतो तो ताऱ्याचा जुना प्रकाश असतो, तो आपल्यापर्यंत यायला फार वर्षं लागतात. व्याख्यान संपल्यावर मागून एक इंजिन ड्रायव्हर उठले. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. थेट ड्यूटीवरून आले होते, कोळशानं माखलेल्या कपड्यांत. त्यांनी विचारलं, “साहेब, लांबनं दिसतंय ते जुनं आसतंय म्हणता. मग सिग्नल लाल दिसला तर त्यो बी जुनाच का?”

हॉल हसला. वक्तेही हसले, पण मग थांबले. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “हो, जुनाच. पण तुम्ही गाडी थांबवेपर्यंत पुरेल इतका ताजा असतो.” मामांनी मान हलवली आणि खाली बसले. त्यांना उत्तर मिळालं होतं. उभं राहायचं, विचारायचं, उत्तर घ्यायचं आणि बसायचं, प्रश्न असाच विचारतात अशी माझी तेव्हापासून समजूत होती.

ती पद्धत शिरूरला मी मोडली.

झालं असं, की संतांवरच्या एका उत्तम व्याख्यानानंतर एका बागायतदारांनी प्रश्न विचारायला म्हणून माइक हातात घेतला आणि आपल्या शेताच्या चारीला पाणी का येत नाही, हे अर्धा तास सांगितलं. वक्ते हात जोडून ऐकत उभे होते. त्यांचा मोक्ष लांबणीवर पडला. आप्पा संतापले. बैठकीत मी सुचवलं की, यापुढे प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून निवेदक सांगू लागले, ‘श्रोत्यांनी आपले प्रश्न लेखी द्यावेत.’ हे वाक्य माझं आहे. माझं म्हणावं असं एवढंच एक वाक्य त्या मंचावरून आजवर बोललं गेलं.

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रांगांतून हातोहात फिरायचा आणि विंगेत माझ्याकडे यायचा. तिथं एक छोटं टेबल आणि वर टांगलेला दिवा. मी चिठ्ठ्या निवडायचो. आपण किती वाचलं आहे ते वक्त्याला कळवणाऱ्या चिठ्ठ्या असायच्या. स्वतःची कविता पाठवणारे एक जण होते, दरवर्षी तीच कविता. ‘पांढरी गाडी बाजूला घ्यावी’ हीसुद्धा चिठ्ठीच. वाचण्यासारख्या चार-पाच वक्त्यांकडे जायच्या. बाकीच्या माझ्या कोटाच्या उजव्या खिशात, आणि माला संपल्यावर घरी पाणी तापवायच्या बंबात.

सभागृहाला हे ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, डबा थेट वक्त्यापुढे उघडतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी पुण्याचे एक मोठे डॉक्टर आले होते. त्यांची भाषणं लोक मोबाइलवर ऐकत असत, त्यामुळे बाल्कनीही भरली होती. विषय होता ‘हसत जगा, निरोगी जगा’. त्या संध्याकाळचे प्रायोजक आणि अध्यक्ष भाऊसाहेब. ते कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यांना माणसं पुरवतात. लोक त्यांना लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, आमच्या पत्रिकेवर ते ‘उद्योजक व साहित्यप्रेमी’ असतात. बॅनरवर डॉक्टरांपेक्षा त्यांचा फोटो मोठा होता. डॉक्टर हसत कसं जगावं ते सांगत होते आणि भाऊसाहेब प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

डबा आला. त्यातली एक चिठ्ठी आमच्याच वाचनालयाच्या मागणीपत्रकावर लिहिलेली होती. हवं ते पुस्तक लिहून द्यायचा कागद. मला हसूच आलं, आमचीच स्टेशनरी आम्हाला परत. पाठीमागे बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं:

‘माझे मालक कुरकुंभला केमिकलच्या प्लांटमध्ये कामाला आहेत. चार महिने खोकला जात नाही. जिना चढला की दम लागतो. तिथले डॉक्टर म्हणतात धुळीचा आहे, बरा होईल. काम सोडावं का?’

सही नव्हती.

मी वाचलं आणि मंचाकडे पाहिलं. भाऊसाहेबांच्या खांद्यावर शाल होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, हे इथं लिहून ठेवायला हवं. आप्पांनी डोळ्यानं खुणावलं नाही, भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मीच माझ्याशी म्हणालो, प्रश्न वैयक्तिक आहे, जाहीर सभेत बरा दिसणार नाही, चहाच्या वेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन दाखवू. माणसाला घाबरायला दर वेळी दुसरं माणूस लागत नाही. चिठ्ठी उजव्या खिशात गेली.

वक्त्यांकडे मी जी चिठ्ठी सगळ्यांत वर ठेवून पाठवली होती, तिच्यावर ‘डॉक्टरसाहेब, आपण स्वतः कधी चिडता का?’ असं होतं. डॉक्टर तिच्यावर दहा मिनिटं बोलले. सभागृह खूश. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती फोटो काढणाऱ्यांचं कोंडाळं पडलं, ते फुटेपर्यंत त्यांची गाडी दाराशी आली. माला संपली. नेहमी बंबात जाणाऱ्या चिठ्ठ्या त्या वर्षी गेल्या नाहीत, कारण शेवटच्या दिवशी मला ताप होता. बायकोनं कोट झटकला, डांबरगोळ्या घातल्या आणि कपाटात लावला.

पुढच्या जानेवारीत खिशात हात घातला तेव्हा बोटांना कागद लागला. बाकीच्या चिठ्ठ्या बंबाच्याच लायकीच्या होत्या. ही उलटी करून पाहिली. पुढच्या बाजूला पुस्तकाचं नाव, आणि कोपऱ्यात सभासद क्रमांक. तो आदल्या वर्षीही तिथंच होता. मीच पाहिला नव्हता.

रजिस्टर काढलं. रंजना भानुदास कोळपे. वर्गणी संपलेली, एक पुस्तक बाकी. तेव्हा चेहरा आठवला. शिवणकाम करणाऱ्या बाई. दर बुधवारी यायच्या, मासिकं चाळून एक कादंबरी न्यायच्या, आणि पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर ते आपण दुमडलं नाही हे आवर्जून सांगायच्या. पत्त्यावर गेलो. शेजारची बाई म्हणाली, “रंजना व्हय? ती गेली की दौंडला, दिराकडं. नवरा लई आजारी हाय तिचा.”

राहिलेलं पुस्तक हे बरं निमित्त होतं. न्हावरा, चौफुला, पाटस करत एसटीनं दौंडला गेलो. रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्या. दाराशीच शिलाई मशीन. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत भानुदास बसला होता. चाळिशीचा माणूस, आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते, विहिरीतून पोहरा ओढावा तसे. खाटेवर त्याचे वडील, आबा. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता थोडी जिरायत आणि हे घर.

मला पाहून रंजनाताई ओशाळल्या. “सर, पुस्तकासाठी एवढ्या लांब? वाचून कवाच झालं व्हतं हो. द्यायचं ऱ्हाऊन गेलं.” पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

चहा झाला. मी विचारलं, कधीपासून असं? भानुदास बोलायला लागला की मध्येच दम लागायचा, म्हणून बायकोच बोलली. “लई झालं. मी तर तुमच्या कार्यक्रमात चिठ्ठी टाकली व्हती, सर. ते मोठे डॉक्टर आले व्हते ना, तवा. काम सोडायचं का म्हून इचारलं व्हतं. त्यांनी वाचली आसंल, पर काय बोलले न्हाईत. मी घरी येऊन ह्यांना म्हणलं, एवढा मोठा मानूस, काय काळजीचं आसतं तर बोलला आसता. काय नसंल तसलं. मग ह्ये अजून सात-आठ म्हैने गेले कामाला.”

मी कपात पाहत होतो. डॉक्टरांचं गप्प राहणं हाच त्यांनी डॉक्टरांचा सल्ला धरला होता. आणि ते गप्प राहणं डॉक्टरांचं नव्हतंच. ते माझं होतं.

आबा खाटेवरून म्हणाले, “आमच्यात मेंढरू खोकलं तर त्याच दिशी कळपातनं भायेर काढायचं. लांबनं आवाज वळखायचो मी, कंचं खोकलं ते. आन् पोटचं पोरगं खोकत व्हतं तर आमी त्याला डबा भरून देत व्हतो.”

“गप बसा वो आबा,” भानुदास म्हणाला.

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुस्तक पिशवीत घातलं, ‘बरे व्हाल’ म्हणालो आणि एसटी पकडली. शिरूरला येऊन रजिस्टरमध्ये त्या पुस्तकापुढे ‘जमा’ लिहिलं. चिठ्ठी बंबात टाकायला निघालो होतो. टाकवली नाही. परत कोटाच्या खिशात ठेवली, तिथं ती कुणाला दिसत नाही म्हणून. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही मालेचे सात दिवस मी विंगेत बसून चिठ्ठ्या निवडल्या. सवयीचा माणसाला असा आधार असतो.

आणि आता यंदाचा जानेवारी. बॅनरवर तेच डॉक्टर, ‘लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा’. मालेची दुसरी संध्याकाळ. कोट घातला, खिशात चिठ्ठी. डबा आला. मी पाच चिठ्ठ्या निवडल्या आणि त्यांच्यावर ती सहावी, मऊ पडलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी ठेवली. गठ्ठा मंचावर गेला.

डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली. ‘काम सोडावं का?’ इथं त्यांचा आवाज बदलला. हसत जगायचा सूर त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, “चार महिन्यांचा खोकला आणि जिन्यावर दम, म्हणजे थांबायचं. त्या जागी उद्यापासून जायचं नाही. छातीचा फोटो काढायचा, फुप्फुसाच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि कामावर कशाकशाशी संबंध येतो ते त्यांना सांगायचं. वेळेत बाजूला झालं तर पुष्कळ वाचवता येतं. ज्यांनी हे विचारलंय त्यांनी मला आत्ताच भेटावं. मी थांबतो.”

मनगटावर घड्याळ होतं, नजर आपसूक गेली. अर्धं मिनिट.

सभागृहात टाळ्या पडल्या. चांगलं उत्तर मिळालं की आमचे रसिक टाळ्या वाजवतात. भाऊसाहेब यंदाही मंचावर होते. त्यांनीही वाजवल्या.

डॉक्टर खरंच थांबले. फोटोवाल्यांना त्यांनी हातानं बाजूला केलं आणि मला विचारलं, “ते खोकल्याचं कोणी विचारलं होतं?”

मी म्हणालो, “गेले असतील.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिण्याची पद्धत आहे. मला लागली. सकाळी उठल्यावर मात्र त्या झोपेची लाज वाटली. पुढचे दोन दिवस बहाणे काढण्यात गेले आणि परवा दौंडला गेलो.

रंजनाताई मशीनवर होत्या. “आता कुठलं पुस्तक ऱ्हायलं, सर?”

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डबा, टेबल, दिवा, खिसा. मशीनचं चाक त्यांनी तळव्यानं थांबवलं.

“म्हंजी डॉक्टरांनी वाचलीच न्हाई?”

“नाही.”

“तुमी वाचली.”

“हो.”

त्या सुईखालचं कापड सरळ करत राहिल्या. भानुदासनंच विचारलं, “मग आता काय म्हणले डॉक्टर?”

सांगितलं. जसंच्या तसं, ‘वेळेत बाजूला झालं तर’ हेसुद्धा.

“किती येळ लागला त्यांना सांगाया?”

“अर्धं मिनिट.”

“आन् लोकं?”

“टाळ्या वाजवल्या.”

तो हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला बराच वेळ चालला. त्याच वेळी यार्डातून मालगाडी निघाली होती. आम्ही सगळे गप्प बसून राहिलो. गाडी आधी संपली.

आबा म्हणाले, “भाऊसाहेब व्हता का तितं?”

“होते.”

“त्यानं बी वाजवल्या?”

“हो.”

“वाजवनारच. त्याला कुठं खोकला हाय.”

मी काय करू, असं मी विचारलं. क्षमेची वगैरे भाषा तोंडात येत होती, ती त्या खोलीत चालली नसती. रंजनाताईंनी मशीनच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तपासण्यांचे कागद होते. पुण्याला कामगारांच्या दवाखान्यात भानुदासवर उपचार होऊ शकतात, पण त्यासाठी तो कामगार होता हे कुणीतरी म्हणायला पाहिजे. कारखाना म्हणतो, हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस म्हणतं, असं नाव आमच्या यादीत नाही. पाच वर्षं पाळ्या करून हा माणूस कुणाचाच नव्हता.

“धा खेपा घातल्या हापिसात,” त्या म्हणाल्या. “भाऊसाहेब घावतच न्हाईत. कवा बी जावा, कार्यक्रमाला गेलेले. मग मनात आलं, कार्यक्रमातच गाठावं. तुमच्या समारोपाला अध्यक्ष कोन हाय?”

“भाऊसाहेब.”

“कोरी चिठ्ठी हाय का तुमच्याकडं?”

मागणीपत्रकं माझ्या शर्टाच्या खिशात नेहमीच असतात. एक दिलं. त्यांनी मशीनच्या फळीवर ठेवून लिहिलं, त्याच बारीक, नीटस अक्षरात:

‘भानुदास गंगाराम कोळपे तुमच्याकडे पाच वर्षे कामाला होते का? हो किंवा नाही, एवढंच सांगावं.’

खाली पूर्ण नाव आणि सही. “तवा सही केली न्हवती,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं काम जाईल म्हून भ्याले व्हते. आता काय जायचंय?”

“वाचत्याल का पन?” भानुदास म्हणाला.

“सर हायेत की तितं.”

हा टोमणा होता की भरवसा, ते मला कळलं नाही. एसटीत पाटसपर्यंत त्याचाच विचार करत होतो. चौफुल्यापर्यंत मात्र एवढं कळलं होतं की, त्यानं काही फरक पडत नाही.

आज समारोप. दुपारी आप्पांचा फोन आला. “ग्रंथपाल, आज प्रश्नोत्तरं ठेवू नका बरं का. भाऊसाहेबांना पुढं एका लग्नाला जायचंय. सत्कार, दोन शब्द, आभार, झालं. डबा फिरवू नका आज.”

मी “बरं” म्हणालो. तीस वर्षं मी आप्पांना “बरं” म्हणत आलो आहे, तो शब्द आपणहून निघतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, डबा नाही म्हणजे चिठ्ठी मंचावर जाण्याचा रस्ताच नाही. मीच बांधला होता तो रस्ता, आणि तो बंद करायला एक फोन पुरतो.

आता एकच पद्धत उरते. दौंडच्या हॉलमध्ये इंजिनवरच्या मामांनी दाखवलेली. सभागृहात, लोकांत बसायचं, भाऊसाहेबांचे दोन शब्द संपले की उभं राहायचं आणि विचारायचं. उशीर तर झालाच आहे. प्रश्न जुना आहे, पण थांबण्यापुरता ताजा अजून असेल, एवढीच आशा. आप्पा काय म्हणतील ते मला पाठ आहे: ग्रंथपाल, प्रश्न लेखी द्यावेत असा आपलाच नियम आहे.

साडेपाच वाजले. ऊस भरलेल्या ट्रॉल्या पुलाकडून यायला लागल्या आहेत. बाहेर गारठा आहे, तरी कोट आज खुंटीवरच राहू दिला आहे. विंगेत बसायचं नाही तर त्याचं काम नाही, आणि खिशांची आज मला भीती वाटते. रंजनाताईंची चिठ्ठी हातात धरून जाणार आहे.

मघाशी गच्चीत उभं राहून प्रश्न मोठ्यानं म्हणून पाहिला. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.